सातारा कॅम्प, सकाळी सहा

(काळोख. गेटसमोर गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग.)

जून महिना, सकाळचे पावणेसहा. जून म्हणजे इथला ऐन हिवाळा, त्यामुळे आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलीय. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर नॅशनल पार्क, आणि या कॅम्पचं नाव सातारा. आपल्या साताऱ्याशी थेट संबंध नाही. असं सांगतात की फार पूर्वी इथे जमिनीची मोजणी चालली होती, सर्वेअरच्या हाताखाली एक भारतीय माणूस होता, त्याने या सतराव्या प्लॉटला 'सत्रा' म्हटलं आणि त्याचंच पुढे सातारा झालं.

पार्क जवळपास १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे मिळून होतील एवढं. आणि त्यात तुम्ही स्वतःची गाडी स्वतः चालवायची. ताडोब्याला आपण जिप्सीत बसतो, सोबत गाईड असतो, ड्रायव्हर असतो, इथे कोणीच नाही. आमची भाड्याची टोयोटा स्टारलेट, म्हणजे आपली बलेनोच, स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी चालवायची डाव्या बाजूने, सगळं घरच्यासारखं. १९२७ साली पहिल्यांदा पर्यटकांच्या गाड्या आत सोडल्या तेव्हा त्या होत्या फक्त ३. पुढच्या वर्षी १८०.

(गेट उघडतं. सहाचा ठोका.)

गेट उघडलं की सगळ्यांना घाई. डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्यावर ४० ची मर्यादा आहे, आणि खरं सांगू का, ४० सुद्धा खूप होतात. आम्ही २० नं चाललोय. हा एस-१००, एन्वानेत्सी नदीच्या कडेकडेनं जाणारा मातीचा रस्ता, आणि सिंहांसाठी लोक इथेच येतात त्याला कारण आहे. पार्कच्या या पूर्व भागात खाली बेसॉल्ट आहे, आपल्या दख्खनचा काळा पाषाण तोच, त्याची माती कसदार, तिच्यावर गोड गवत, गवतावर झेब्रे आणि विल्डबीस्ट, आणि त्यांच्या मागे सिंह. पश्चिमेला ग्रॅनाइट आहे, तिथलं गवत एवढं चांगलं नसतं.

(क्लोजअप: मातीत पंजाचा ठसा.)

हा बघा. गाडीतूनच झूम करून घेतलाय, कारण खाली उतरायचं नाही, पायसुद्धा बाहेर काढायचा नाही. नखं उमटलेली नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, म्हणजे मांजरकुळातलं जनावर, आणि या आकाराचं इथे सिंहाशिवाय दुसरं नाही. आता टायरच्या खुणा बघा. ठसा टायरच्या खुणेवर पडलाय, खाली दबलेला नाही. काल संध्याकाळी साडेपाचला गेट बंद झालं, त्यानंतर इथे स्वतः गाडी चालवणारे पर्यटक नाहीत, म्हणजे हा रात्रीचा किंवा आत्ताचा. पहाटे गवत दवाने भिजलेलं असतं, त्यापेक्षा कोरडा रस्ता चालायला बरा, त्यामुळे सिंह बऱ्याचदा आपल्यासारखेच रस्त्यावरून जातात.

ठसे सापडले म्हणून लगेच गाडी पळवायची नाही. थांबायचं, काच दोन बोटं खाली घ्यायची आणि ऐकायचं. इम्पाला हरणाची ती धोक्याची, फुत्कारल्यासारखी शिंक आली का? जिराफ कुठे बघतायत? हे तीन जिराफ बघा, तिघेही एकाच दिशेला बघतायत, चघळणंसुद्धा थांबलंय. आम्ही इथे अकरा मिनिटं उभे होतो, तुम्हाला त्यातलं अर्धं मिनिट दाखवतोय.

(वळणावरून दोन नर सिंह रस्त्याच्या मधोमध चालत येतात.)

मी इंजिन बंद केलं. आई हळूच म्हणाली, "अगं, काच वर घे." घेतली.

(इथे निवेदन नाही. फक्त पावलं आणि पक्षी. ४० सेकंद.)

पुढच्याच्या डाव्या कानाला खाच आहे, आयाळ दवाने चिकटून मानेला लागलीय आणि श्वासाची वाफ निघतेय. नाकावरच्या जुन्या ओरखड्यांवर केस उगवलेले नाहीत. तो माझ्या आरशाजवळून गेला, दोन फुटांवरून, आणि गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन बंद असलं आणि आत कोणी हललं नाही, तर त्याच्या लेखी आपण माणूस नसतोच, नुसती एक मोठी वस्तू. तेच हात बाहेर काढा किंवा सनरूफमधून डोकं काढा, की लगेच त्याची नजर तुमच्यावर येते.

(मागचा नर थांबतो. डरकाळी.)

आवाज मुद्दाम वाढवलेला नाही. ही डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत जाते म्हणतात, माझा तळहात काचेला टेकलेला होता, त्याला ती आधी जाणवली आणि मग कानाला.

हे दोघे बहुतेक भाऊ असावेत, नर असे जोडीने राहतात आणि जोडीनेच हद्द राखतात. दिवसातले सोळा ते वीस तास सिंह पडून असतात, म्हणून ही पहाटेची वेळ गाठायची. सूर्य वर आला की हेच दोघे झुडपाखाली नुसता एक पिवळा ढिगारा होऊन जातात.

(मागून गाड्या येतात. सहा, सात, नऊ.)

पंधरा मिनिटांत हे झालं. कोणीतरी फोनवर लोकेशन टाकलं असावं. ही पांढरी गाडी बघा, सिंहाच्या अगदी पुढ्यात आडवी घातली, त्याला रस्ता सोडावा लागला. गर्दीमुळे शिकार सुटते, पिल्लं आईपासून फुटतात, शिवाय म्हशींकडून आलेला टीबी आणि उत्तरेकडे लावलेले फास, ही संकटं आहेतच.

(दोघे गवतात शिरतात. एक काळा शेपूटगोंडा, मग तोही नाही.)

गाड्या गेल्या. आम्ही तिथेच. गवत हलायचं थांबलं तरी आई तिकडेच बघत होती.

मग समोरून एक पिकअप हळूहळू आला, त्यात एक आजोबा, एकटेच. इथे समोरासमोर आलात की थांबून काय दिसलं ते एकमेकांना सांगायची पद्धत आहे. त्यांनी हातानेच विचारलं. मी गवताकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं. त्यांनी मान हलवली आणि इंजिन बंद केलं.