निकालाआधीच्या टाळ्या

(सुरुवात : रात्रीचं स्टेडियम. दिव्यांच्या प्रकाशात हिरवंगार मैदान. आवाज नाही.)

शुक्रवार, 4 ऑगस्ट 2023. फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण टोकाला असलेलं सिटीझन्स बँक पार्क. शहराचा बेसबॉल संघ फिलीज विरुद्ध कॅन्सस सिटी रॉयल्स.

खरं सांगायचं तर या सामन्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. बेसबॉलचा हंगाम 162 सामन्यांचा. एप्रिलपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज एक सामना. त्यातला हा ऑगस्टमधला एक, तोही तळाला असलेल्या संघाशी. रॉयल्स त्या वर्षी 106 सामने हरले. असे सामने लोक आठवड्याभरात विसरतात.

हा मात्र विसरले नाहीत. कारण सात नंबरची जर्सी घातलेला एक खेळाडू बॅट घेऊन होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजीच्या जागेकडे, चालत निघाला, आणि स्टेडियम उभं राहिलं.

(दृश्य : प्रेक्षक उठतात. आता आवाज सुरू.)

नीट ऐका. हा आवाज होमरनचा, म्हणजे थेट कुंपणापार गेलेल्या फटक्याचा नाही, विजयाचा नाही. पिचरने अजून चेंडूही टाकलेला नाही.

त्या खेळाडूचं नाव ट्रे टर्नर. आणि त्या घडीला तो संघातला सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस होता.

(दृश्य : डिसेंबर 2022. करारानंतरची पत्रकार परिषद.)

थोडं मागे जाऊ. 2022 साली फिलीज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचले आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडून सहाव्या सामन्यात हरले. तोंडाशी आलेला घास गेला. म्हणून त्या हिवाळ्यात मालकांनी थैली मोकळी सोडली आणि टर्नरला आणलं. 11 वर्षं, 30 कोटी डॉलर.

माणूस तसाच होता म्हणा. 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकलेला. 2021 मध्ये नॅशनल लीगमध्ये (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) सर्वाधिक फलंदाजी सरासरी त्याचीच, .328. आणि धावणं असं की बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, घसरत पोहोचला की वाटावं, जमीनच त्याच्यासाठी गुळगुळीत केली आहे. मार्च 2023 मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये तो अमेरिकेकडून खेळला आणि पाच होमरन मारून आला. त्यातला एक व्हेनेझुएलाविरुद्ध, तिन्ही बेस भरलेले असताना. फिलाडेल्फियात लोकांनी हात चोळले. आता बघाच, म्हणाले.

आणि मग हंगाम सुरू झाला, अन् बॅट बोलेनाशी झाली.

ज्यांना बेसबॉलचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढंच : या खेळात दहापैकी तीन वेळा हिट मिळवणारा, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणारा, फलंदाज उत्तम समजतात. म्हणजे उत्तम खेळाडूसुद्धा दहातल्या सात वेळा मान खाली घालून डगआउटकडे, संघाच्या बाकांकडे, परततो. अपयश इथे रोजचंच, त्याची सवय करून घ्यावी लागते. पण ऑगस्ट उजाडला तेव्हा टर्नरची सरासरी .235 वर होती. शंभर संधींमागे जेमतेम तेवीस-चोवीस हिट. शंभराहून जास्त सामने झालेले, होमरन फक्त दहा. बाहेरच्या बाजूला वळून जाणाऱ्या चेंडूवर बॅट घालायची आणि हात हलवत परत यायचं, हे घरच्या मैदानावर रात्रीमागून रात्री चाललं होतं.

(दृश्य : डगआउट. भिंतीला लावलेला लाइनअपचा कागद.)

हा कागद बघा. सामन्याआधी मॅनेजर नऊ नावं लिहितो, कोण कितव्या क्रमांकावर बॅटिंग करणार ते. त्या वेळी फिलीजचे मॅनेजर होते रॉब थॉमसन. मूळचे कॅनडाचे, शांत माणूस, आवाज चढवत नाहीत. पण त्या उन्हाळ्यात हा कागद लिहिणं म्हणजे रोजचीच कसरत होती.

पहिल्या बेसचा हुकमी खेळाडू रिस हॉस्किन्स हंगामाआधीच्या सरावातच गुडघा मोडून बसला. ब्राइस हार्परच्या कोपरावर नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झालेली. तो मे महिन्यात परतला, पण चेंडू फेकायची परवानगी नव्हती, म्हणून नुसतीच बॅटिंग. मग जुलैत हार्परने आयुष्यात कधी न खेळलेली जागा, पहिला बेस, शिकून घेतली. त्यामुळे काइल श्वार्बरला क्षेत्ररक्षणातून मोकळं करता आलं. एक वीट सरकवली की तीन हलतात, तसा प्रकार.

आणि सलामीला कोण? हाच श्वार्बर. हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी .197 होती! आपल्याकडे असा माणूस ओपनिंगला पाठवला तर निवड समितीची खैर नाही. पण त्याच हंगामात त्याने 47 होमरन मारले आणि 126 वेळा वाईट चेंडू सोडून देऊन फुकटात पहिला बेस गाठला. थॉमसन यांचा हिशेब सरळ होता : जो वारंवार बेसवर पोहोचतो आणि एका फटक्यात धाव काढू शकतो, त्याला सर्वांत जास्त वेळा बॅट मिळू दे. लोक कुरकुरले, थॉमसन बधले नाहीत. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथेच. तो सरासरीच्या आकड्यापलीकडे बघत होता.

टर्नरची जागा श्वार्बरच्या पाठोपाठ, दुसऱ्या क्रमांकाची. पगार मोठा, नाव मोठं, जागा मानाची. पण धावा होईनात, तेव्हा थॉमसन यांनी त्याला खाली सरकवलं. अगदी शेपटाकडे. संघाबाहेर मात्र काढलं नाही. शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची, जागा रोज त्याचीच. हा फरक बारीक आहे पण मोलाचा. क्रमांक खाली गेला, विश्वास तसाच राहिला.

(दृश्य : मायामी. बंद छताचं स्टेडियम.)

2 ऑगस्ट. मायामीत मार्लिन्सविरुद्ध सामना लांबलेला. अकरावा डाव. फिलीज पुढे. जमिनीवरून चेंडू टर्नरकडे आला. शॉर्टस्टॉपकडे असे चेंडू दिवसाला शंभर येतात, सरावात झोपेतही अडवले जातात. हा हातात राहिला नाही. बरोबरी झाली आणि पुढच्या डावात सामना गेला, 9–8. त्या रात्री टर्नरची बॅटही कोरडी, पाच वेळा आला आणि एकही हिट नाही.

सामना संपल्यावर तो घरी गेला नाही. स्टेडियमच्या पोटात जाळ्यांनी बंद केलेली सरावाची खोली असते, तिथे गेला आणि चेंडू मारत राहिला. बाकीचे आंघोळी करून बॅगा भरत होते आणि आतून लाकडावर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. मग बाहेर येऊन पत्रकारांसमोर उभा राहिला आणि हरण्याचं कारण मी आहे, हे सरळ कबूल केलं. सबब नाही, दुसऱ्याकडे बोट नाही.

ही चित्रफीत फिलाडेल्फियाने पाहिली.

(दृश्य : शहर. ब्रॉड स्ट्रीट, विटांची घरं, दारात लाल टोप्या घातलेली माणसं.)

आता या शहराबद्दल बोलायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फिलीजची स्थापना 1883 सालची. एवढ्या वर्षांत वर्ल्ड सिरीज दोनदाच जिंकली, 1980 आणि 2008. जुलै 2007 मध्ये या संघाने दहा हजारावा पराभव नोंदवला. अमेरिकेतल्या कुठल्याही व्यावसायिक खेळातला हा आकडा गाठणारा पहिला संघ. म्हणजे आजोबा हरताना बघत गेले, वडील हरताना बघत आले, आणि नातू तिकीट काढून उभाच.

अशा शहराची जीभ तिखट असायचीच. हुर्यो उडवण्यात फिलाडेल्फियाचा हात धरणारं दुसरं शहर नाही, असं अमेरिकेत सगळे म्हणतात. 1968 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतरी आलेल्या सांताक्लॉजवरही इथल्या लोकांनी बर्फाचे गोळे फेकले होते. माइक श्मिट हा या संघाचा आजवरचा सर्वांत थोर खेळाडू, 548 होमरन. त्यालाही सोडलं नाही. 1985 मध्ये वैतागून तो वर्तमानपत्राशी बोलताना घरच्या प्रेक्षकांवर तुटून पडला. आता मैदानावर काय होणार म्हणून सगळे श्वास रोखून होते. तर श्मिट सामन्याआधी लांब केसांचा टोप आणि काळा चष्मा लावून मैदानात उतरला! प्रेक्षक आधी चमकले, मग हसले, मग टाळ्या. भांडण तिथेच मिटलं.

पण सगळंच असं गोड नाही, आणि ते झाकू नये. साठच्या दशकात डिक अ‍ॅलन या कृष्णवर्णीय खेळाडूवर इथे घरच्याच स्टँडमधून वस्तू फेकल्या जायच्या. इतक्या, की क्षेत्ररक्षण करतानाही तो हेल्मेट घालून उभा राहायचा. त्याला तिखट प्रेम म्हणता येणार नाही. तो वर्णद्वेष होता. संघाने त्याचा 15 नंबर पुन्हा कुणाला न देता सन्मानाने राखून ठेवला तो 2020 मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला.

मग 2022 चा एप्रिल. अ‍ॅलेक बोम, तिसऱ्या बेसवरचा तरुण खेळाडू, एकाच सामन्यात तीन चुका करतो. तिसऱ्या बेसवर एक साधा चेंडू नीट फेकल्यावर लोक खोचक टाळ्या वाजवतात. बोम रागाने पुटपुटतो, मला या जागेचा तिटकारा आहे. कॅमेऱ्याने ओठ टिपले. सामन्यानंतर त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणू शकला असता की मी दुसरंच काही बोललो. त्याने तसं केलं नाही. बोललो, आणि ते मनापासून नव्हतं, म्हणाला. त्यानंतर तो बॅट घेऊन आला तेव्हा लोकांनी उभं राहून स्वागत केलं.

म्हणजे या लोकांना काय सहन होत नाही ते कळतं. हरणं सहन होतं, त्याची त्यांना चांगलीच सवय आहे. अंग चोरणं आणि थापा मारणं सहन होत नाही. आणि टर्नरने मायामीत यातलं काहीही केलं नव्हतं.

(दृश्य : गाडीतला रेडिओ. फोनवर बोलणारे चाहते.)

ही कल्पना कुण्या मोठ्या माणसाची नव्हे. एका चाहत्याने समाजमाध्यमांवर मांडली, स्थानिक क्रीडा रेडिओवर तिची चर्चा झाली. शुक्रवारी टर्नर आला की हुर्यो नको, उभे राहा. काहींना पटलं नाही. 30 कोटी डॉलर घेणाऱ्याला वर आणखी टाळ्या? महिन्याचा पगार मोजून तिकीट काढणाऱ्याचा हा प्रश्न चुकीचा नव्हता. मीही त्या गाडीत असतो तर कदाचित हेच विचारलं असतं.

(दृश्य : पुन्हा 4 ऑगस्ट.)

आणि तरीही ते उठले.

बॅटिंगची वाट पाहणारा खेळाडू एका वर्तुळात उभा असतो. बॅटवर वजनाचं कडं चढवून दोन-चार वेळा फिरवतो, मग ते कडं जमिनीवर आपटून काढतो आणि निघतो. तिथून प्लेटपर्यंत पंधरा-वीस पावलं. महिनोन्‌महिने ही पावलं टर्नरने हुर्योच्या आवाजात टाकली होती. त्या रात्री लाल टोप्या एकामागून एक वर आल्या. खालच्या रांगा, मग वरचा मजला. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, बिअरचे ग्लास खाली ठेवून दोन्ही हात मोकळे केलेली माणसं. तो पुन्हा आला, पुन्हा टाळ्या.

चार प्रयत्नांत त्याने एक हिट मिळवली. तिच्यावर एक धाव आली.

फिलीज सामना हरले. 7–5.

(थोडी शांतता.)

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, टर्नरने तीन धावांचा होमरन मारला. फिलीजच्या स्टेडियममध्ये एक मोठी विद्युत घंटा आहे, शहरातल्या लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेच्या आकाराची. घरच्या संघाचा होमरन झाला की ती दिवे उजळून डोलते आणि घणघणते. त्या दिवशी ती टर्नरसाठी डोलली. फिलीज जिंकले, 9–6.

पुढच्या बुधवारी फिलीजचा पिचर मायकेल लॉरेन्झनने वॉशिंग्टनला नऊ डावांत एकही हिट मिळू दिली नाही. सगळा संघच वाऱ्यावर स्वार झाला होता. टर्नरचं म्हणाल तर 4 ऑगस्टपासून हंगाम संपेपर्यंत 48 सामने, सरासरी .337, 16 होमरन. वर्षभरात तीस वेळा बेस चोरायला, म्हणजे फटका बसण्याची वाट न बघता पुढचा बेस गाठायला, धावला आणि तीसही वेळा यशस्वी झाला, एकदाही पकडला गेला नाही.

टाळ्यांनी बॅट चालते का? जाणकार म्हणतील, एवढा चांगला खेळाडू कधी ना कधी मूळ पदावर येणारच होता. फलंदाजीचे प्रशिक्षक केव्हिन लाँग त्याला वॉशिंग्टनपासून ओळखतात, त्यांच्याबरोबर घाम गाळणं चालूच होतं. हे सगळं खरं आहे. पण चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. तेवढ्यात मारायचा की सोडायचा हे ठरवायचं असतं. डोक्यात हुर्यो घुमत असताना ते ठरवणं आणि नसताना ठरवणं, यात काहीच फरक नाही असं मला कुणी पटवू शकणार नाही.

टर्नरला तरी फरक वाटला. त्याच महिन्यात शहराभोवतीच्या बारा डिजिटल फलकांवर अचानक त्याचा फोटो झळकला. गाड्यांच्या गर्दीत अडकलेल्या लोकांनी वर पाहिलं, तर सात नंबरवाला फिलीला, म्हणजे फिलाडेल्फियाला, धन्यवाद म्हणत होता.

त्या वर्षी फिलीजनी 90 सामने जिंकले, बाद फेरीत अ‍ॅटलांटाला घरी पाठवलं, आणि मग अ‍ॅरिझोनाकडून सातव्या सामन्यात, याच मैदानावर हरले. वर्ल्ड सिरीज हुकली ती हुकलीच.

(शेवटचं दृश्य : सामन्यानंतरचं स्टेडियम. धावफलकावर 7–5.)

पण आपण शुक्रवारीच थांबू. रात्रीचे दहा वाजून गेलेत. फलकावर पराभव लिहिलेला आहे. घंटा अजून डोललेली नाही. पायऱ्यांखाली शेंगदाण्यांची टरफलं. माणसं पॅटिसन अव्हेन्यूकडे निघालीत, भुयारी गाडी पकडायला, आणि उद्या पुन्हा कुठला क्रमांक द्यायचा त्याला, यावर जिन्यातच वाद सुरू झालाय.