पाच रुपयांचं पाकीट काय काम करतं

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाच्या विषयाचं नाव छापलंय, ‘अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांचा बालस्थूलता प्रतिबंधातील सहभाग’. परवा मी ते घरी मोठ्यानं वाचलं. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, “म्हणजे गरिबाच्या पोरांनी कमी खावं, असंच ना?” मी गप्प बसले. वस्तीतही लोकांच्या मनात हेच येतं, फक्त तिथे कोणी तोंडावर बोलत नाही. बाया ‘येते हां ताई’ म्हणतात आणि येत नाहीत.

मुलांचं वजन नको तितकं वाढू नये म्हणून आम्ही वस्तीत घेतलेल्या पहिल्या कार्यक्रमाची गोष्ट सांगते. मुंबईच्या पूर्व उपनगरातली वस्ती, शनिवारी सकाळी अकराची वेळ, जागा समाजमंदिर. चाळीस घरांना निरोप दिला होता, आल्या तिघी. त्यातल्या एकीच्या नऊ वर्षांच्या मुलाला आम्ही सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं केलं आणि आमच्यातल्या एकीनं आकडा मोठ्यानं वाचला. खिडकीला लटकलेली पोरं खिदळली. आईनं पुढे होऊन त्याचा शर्ट पोटावरून खाली ओढला, दोनदा. पुढच्या शनिवारी ती मायलेकरं आली नाहीत. नंतर मी गल्लीत दिसले की ती बाई रस्ता बदलायची. हे कर्तृत्व आमचंच.

आणि अकरा वाजता मोकळं असतं कोण? नळाला पाणी पहाटे साडेचारला. सातला वस्तीतली बाई घराबाहेर पडते. चार घरची भांडी-लादी उरकून परतायला तीन वाजतात. अकराची वेळ आम्हाला सोयीची होती, एवढाच तिचा गुण.

आकडे थोडेच सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये जास्त वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. त्याच २०१९-२१ च्या फेरीत वयाच्या मानानं खुजी राहिलेली मुलं होती ३५ टक्के. म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सरासरी पाऊण किलोच्या आसपास हलकी निघाली, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. अशक्त दिसणारं लेकरूही आतून चरबी राखून असू शकतं, आणि पुढे मधुमेहाचा धोका तिथून सुरू होऊ शकतो. त्यामुळे ‘आमच्याकडे तर पोरं सुकलेलीच आहेत’ म्हणून हा विषय बाजूला ठेवता येत नाही. पण नातवानं बाळसं धरलं म्हणून दृष्ट काढणाऱ्या आजीला हसूही नका. तिनं न धरलेलं बाळसं पाहिलेलं असतं.

आता पाकिटाकडे येते. आम्ही तक्ते वाटले होते, तळलेलं टाळा, फळं द्या. एका बाईनं तक्ता घडी घालून डब्याखाली ठेवला आणि मला विचारलं, “ताई, पाच रुपयांत कुठलं फळ येतं?” एक केळं येईल, तेही रोज नाही. मग मी तिच्याकडे दुपारभर बसले. मुलगा दुपारच्या शाळेतला, सकाळी सात ते बारा घरी एकटा. दाराला बाहेरून कडी, शेजारणीचं लक्ष. कोनाड्यात चहा-खारी आणि कुरकुरीत तळलेल्या खाऊची पाच-पाच रुपयांची दोन पाकिटं ठेवलेली. पाकिटाला गॅस लागत नाही, चुलीशी पोराला जावं लागत नाही, उघडायला सोपं, आणि ते संपेपर्यंत पोरगं दंगा करत नाही. आई घरी नसताना ते पाकीट पोर सांभाळतं. आम्ही ते काढून घ्या म्हणत होतो आणि त्याच्या जागी कोण सांभाळणार, ते सांगत नव्हतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही ‘वजन’ हा शब्दच काढला. बचत गटाची बैठक रात्री नऊला असते, जेवणं झाल्यावर; तिच्यातलाच अर्धा तास मागून घेतला. निरोप माझ्या नावानं गेला नाही, अंगणवाडीताईंच्या तोंडून गेला. पोरांना सोबत आणा म्हटलं आणि बाहेर ओट्यावर लंगडी, खो-खो सुरू केला. वजन करायचंच तर पडद्याआड, आकडा फक्त आईला. पहिला प्रश्न असा, “तुला घरात काय सोपं झालेलं हवंय?” एकीनंही पोराच्या वजनाचं नाव काढलं नाही. कुणी म्हणालं, रात्री मोबाईल सोडून झोपावा. कुणी म्हणालं, पैशासाठी दुकानासमोर लोळतो, ते थांबावं. झोप असो की दुकानाचा हट्ट, दोन्ही वाटा शेवटी आमच्याच विषयाच्या, म्हणजे वजनाच्या, दारात येतात.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरानं असंच काही केलं. लहान मुलांच्या आईबापांसाठी आठ आठवड्यांचे वर्ग, गरीब भाग आधी, भर मुलांना प्रेमानं ‘नाही’ कसं म्हणायचं यावर. शाळेत नव्यानं दाखल होणाऱ्या मुलांमधलं स्थूलतेचं प्रमाण सगळ्यांत गरीब भागात २००९-१० मध्ये ११.५ टक्के होतं, ते २०१६-१७ पर्यंत १०.५ टक्क्यांवर आलं. एक टक्का! हसू नका. ते निव्वळ वर्गांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण त्याच काळात लीड्ससारख्या बाकी शहरांत अशी घट दिसली नव्हती.

शेवटी दुकानाचं सांगते. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आमच्या आग्रहाखातर फुटाणे आणि गूळ-शेंगदाण्याची भरणी पुढच्या फळीवर ठेवली, पाच रुपयांची पुडी. जूनपर्यंत बरी चालली. पाऊस लागला आणि फुटाणे सादळले. पोरांनी एकदा चावून तोंडातून काढले आणि पुन्हा पाकिटाकडे वळली. दुकानदार म्हणाला, “ताई, कंपनीचा माल सहा महिने कुरकुरीत राहतो, तुमचा सहा दिवस नाही.” त्याचं काही चुकलं नव्हतं. आता बचत गटातल्या दोघी दर दोन दिवसांनी थोडेच फुटाणे भाजून देतात आणि भरणीला रबरी कड्याचं झाकण आहे. यंदाचा पावसाळा अजून जायचाय. तुमच्यापैकी कुणाला बघायचं असेल तर या, मात्र रात्री नऊनंतर, आणि जेवून या.