पॅकेट कुठपर्यंत पोचलं?

(दृश्य: टेबलावर सोललेली केबल. दोन हात आठ तारा सरळ करताहेत.)

पांढरी-नारिंगी, नारिंगी. पांढरी-हिरवी, निळी. पांढरी-निळी, हिरवी. पांढरी-तपकिरी, तपकिरी.

नेटवर्किंगच्या कामाला लागलेल्या माणसाच्या तोंडी हा क्रम पहिल्याच आठवड्यात पाढ्यासारखा बसतो. तारा ओळीत लावायच्या, टोकं एकसारखी कापायची, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सारायची, क्रिम्पिंग टूल दाबायचं. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले की केबल झाली.

पण या क्रमात एक गोष्ट खटकायला हवी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी कशाला? एकेका रंगाची जोडी शेजारीशेजारी लावली असती तर पाठ करायलाही सोपं गेलं असतं. हा प्रश्न पडला तर गिळून टाकू नका. या धंद्यातलं खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

(दृश्य: कनेक्टर जवळून. चौथी-पाचवी पिन, मग तिसरी-सहावी.)

मधल्या दोन पिना, चौथी आणि पाचवी, टेलिफोनच्या काळापासून एका जोडीसाठी राखलेल्या. म्हणून दुसरी जोडी तिच्या दोन बाजूंना, तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर गेली. पुढे इथरनेट या केबलने संगणक जोडण्याच्या पद्धतीनेही जोड्या तशाच वापरल्या. आता समजा, कुणीतरी दोन्ही टोकांना तारा ‘नीटनेटक्या’ लावल्या, जोडीशेजारी जोडी. टेस्टर काय सांगेल? आठही दिवे लागतील. कारण पहिली तार पहिल्या पिनला पोचते, आठवी आठव्या. विजेच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे.

तरीही केबल सदोष आहे. जोडीतल्या दोन तारांना पीळ दिलेला असतो, कारण बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडावा. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट वजा होऊन जातो. तिसरी आणि सहावी पिन वेगवेगळ्या पिळांत गेली की ही वजाबाकी बिघडते. दोन मीटरच्या तुकड्यावर काही जाणवणार नाही. पण साठ-सत्तर मीटरवर पोर्टवरचा चुकांचा आकडा चढत जातो, फायली अर्ध्यात अडकतात आणि पोर्टचा दिवा मात्र छान हिरवा असतो. कामातली माणसं याला स्प्लिट पेअर म्हणतात.

मी हे इतकं लांबवून सांगते आहे, कारण नव्या माणसाने पहिल्या वर्षात मनाशी बांधायची गाठ इथे आहे. दिवा हिरवा आहे याचा अर्थ दिवा हिरवा आहे, एवढाच. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारं माहितीचं छोटं पुडकं. ते पोचलं का, हा प्रश्न वेगळा.

(दृश्य: रात्रीची शिफ्ट. भिंतीवर मोठे स्क्रीन, एका जागी लाल ठिपका.)

पहिली नोकरी बहुधा अशाच खोलीत मिळते. कुणाला हेल्पडेस्कवर, कुणाला केबलिंगच्या टीमबरोबर शिडीवर, कुणाला मॉनिटरिंगच्या शिफ्टमध्ये. अलार्म येतो, टिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडतं, फोन वाजतो. आणि पलीकडचा माणूस जवळजवळ नेहमी एकच वाक्य बोलतो: नेट चालत नाही.

हे वाक्य म्हणजे तक्रार, निदान नव्हे. तिथून पुढे एक-एक पायरी विचारत जायचं.

आधी विचारायचं, मशीनला पत्ता कोणता मिळालाय? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनने पत्ता मागितला आणि कुणी दिलाच नाही. हा पत्ता त्याने स्वतःच लावून घेतलाय. म्हणजे डीएचसीपीपर्यंत, पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंतही, गाडी गेलेली नाही. पत्ता ठीक असेल तर पुढचा प्रश्न: गेटवेला, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरला, पिंग (हाक मारून उत्तर येतं का बघणं) लागतो का? लागला, म्हणजे केबल, स्विच, राउटर इथपर्यंत वाट मोकळी. मग ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक सर्व्हरला, लागतो का? लागला, म्हणजे बाहेरचा रस्ताही चालू. आणि तरी वेबसाइटचं नाव टाकल्यावर काहीच उघडत नाही? तर आधी डीएनएसकडे बघा. नावाचा पत्ता सांगणारा गप्प बसलेला असण्याची शक्यता मोठी.

चार प्रश्न, जेमतेम तीन मिनिटं. यात केबल बदलून बघू, राउटर बंद-चालू करून बघू, असला अंधारातला तीर एकही नाही. प्रत्येक प्रश्न म्हणजे एकच चौकशी, पॅकेट कुठपर्यंत पोचलं?

एक सावधगिरी मात्र हवी. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून यंत्र मेलं असं धरू नका. कित्येक फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचे पहारेकरी, पिंग मुद्दाम अडवतात. उत्तर आलं तर तो पुरावा, नाही आलं तर फक्त संशय.

पिंगचा जन्मही अशाच एका चौकशीतून झाला. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरच्या नेटवर्कमध्ये काहीतरी विचित्र चाललं होतं. त्याने एका रात्रीत घाईघाईने एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारचा आवाज आठवून त्याला नाव दिलं पिंग. हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचं. चाळीस वर्षं उलटली, तरी निदानाची सुरुवात आजही बहुतेक तिथूनच होते.

(दृश्य: वही, पेन्सिल. ०, ६४, १२८, १९२ असे आकडे लिहिले जातात.)

आता नव्या मुलामुलींना सगळ्यांत जास्त घाबरवणारा विषय. सबनेटिंग, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे गट पाडणं.

मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेत, मग हातानं कशाला करायचं, असं विचारतात. मला वाटतं, हातानंच करावं, निदान शंभर गणितं. कारण हे गणित सोडवता सोडवता नेटवर्क दिसायला लागतं. एक उदाहरण घेऊ. पत्ता १९२.१६८.१०.७७, प्रीफिक्स २६. बत्तीस बिटांपैकी सव्वीस नेटवर्कला गेली, सहा उरली. दोनचा सहावा घात चौसष्ट. म्हणजे चौसष्टचे गट: ० पासून, ६४ पासून, १२८ पासून, १९२ पासून. ७७ दुसऱ्या गटात पडतो. ६४ हे त्या गटाचं नाव, १२७ हा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा पत्ता, आणि यंत्रांना देता येतात ते ६५ ते १२६, एकूण ६२.

आता त्याच टेबलावर, त्याच स्विचला जोडलेलं दुसरं मशीन आहे, त्याचा पत्ता शेवटी ६०. दोघांमध्ये हातभर अंतर. तरी मध्ये राउटर नसेल तर ही दोन मशीनं एकमेकांशी बोलणार नाहीत, कारण ६० पहिल्या गटातला. ज्याला हे गणित येतं तो केबल उपटायला जात नाही. तो मास्क, म्हणजे नेटवर्कला किती बिटं दिली ते, बघतो.

बत्तीस बिटांचे पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरले नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले. घराघरांत, ऑफिसांत आतले खासगी पत्ते आणि बाहेर एकच पत्ता, ही सोय आधीपासून होती, तिच्यावर गाडी चालत राहिली. पण १२८ बिटांच्या पत्त्यांचं आयपीव्ही६ ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवू नका. सुरुवातीलाच शिकलं की ते परकं वाटत नाही.

(दृश्य: लॅपटॉपवर वायरशार्क. रंगीत ओळी सरकताहेत.)

शिकायचं कुठे? पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकावर नकली नेटवर्क बांधून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. तशाच कामाचं जीएनएस३ सुद्धा फुकट आहे. वापरलेला एखादा जुना स्विच हाती लागला तर उत्तमच, कारण कन्सोल केबल (थेट स्विचशी बोलायची तार) जोडून स्विच सुरू होताना बघणं याला पर्याय नाही.

पण एकच सॉफ्टवेअर निवडायला सांगितलं तर मी वायरशार्क निवडेन, येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं. ते चालू करा, मशीनला मिळालेला पत्ता सोडायला लावा, परत मागायला लावा, आणि नुसतं बघा. मशीन ओरडून विचारतं, कुणी पत्ता देतं का? सर्व्हर म्हणतो, हा घे. मशीन म्हणतं, हाच हवाय. सर्व्हर म्हणतो, दिला. चार ओळींत अख्खं डीएचसीपी. मग एखादी वेबसाइट उघडा आणि टीसीपीचे, म्हणजे दोन यंत्रांमधलं संभाषण जुळवणाऱ्या पद्धतीचे, पहिले तीन संदेश शोधा. पुस्तकातले नेटवर्कचे सात थर पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे वीस मिनिटांत शिरतं. आपल्या स्वतःच्या नेटवर्कवरच बघायचं, हे वेगळं सांगायला नको.

सर्टिफिकेटबद्दल विचारलं जातंच. सिस्को कंपनीची सीसीएनए ही बऱ्याच काळापासूनची ओळखीची पायरी. २४ फेब्रुवारी २०२० पासून तिची एकच परीक्षा आहे, दोन तासांची, आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. नेटवर्क प्लस हे दुसरं सर्टिफिकेट कुठल्याही एका कंपनीच्या यंत्रांशी बांधलेलं नाही. दोन्हींपैकी एक करा. मुलाखतीचं दार त्याने उघडतं, हे मी पाहिलंय. पण फुटलेल्या प्रश्नांची उत्तरं घोकून पास झालेला माणूस पहिल्याच प्रश्नाला कसा गप्प होतो, हेही पाहिलंय. मुलाखत घेताना मी आकडे विचारत नाही. ‘एक मशीन सुरू झालं आणि त्याने एक वेबसाइट उघडली, मधे काय काय घडलं ते सांगा,’ एवढंच विचारते. यावर अर्धा तास बोलता येतं.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, असे बदल आपोआप करणारं ॲन्सिबल शिका. दोनशे स्विचवर एकच बदल हातानं करण्याचे दिवस सरत चाललेत.

(दृश्य: रॅकसमोर एकटी व्यक्ती, मांडीवर लॅपटॉप.)

आता चुकीबद्दल. ती होणार आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते.

माझं पहिलं वर्ष. दोन स्विचमधल्या ट्रंकवर, म्हणजे सामायिक वाटेवर, एक नवा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) वाढवायचा होता. त्या कमांडमध्ये ‘ॲड’ हा शब्द घालावा लागतो. तो नसेल तर स्विच समजतो की या वाटेवर परवानगी असलेल्या व्हीलॅनच्या यादीत फक्त हा नवाच ठेवायचाय, आधीचे सगळे काढून टाकायचेत. मी ‘ॲड’ लिहायला विसरले. एंटर दाबलं आणि माझाच स्क्रीन गोठला, कारण मी ज्या वाटेने त्या स्विचवर गेले होते ती वाटही त्या यादीतच होती. एक मजला बंद पडला. जिने उतरून, रॅक उघडून, कन्सोल लावून ते परत आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. हात थरथरत होते.

माझ्या सीनियरने त्या रात्री आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘पुढच्या वेळी बदलाआधी, स्विच दहा मिनिटांनी आपोआप परत सुरू व्हावा असा रीलोड लावून ठेव. बदल सेव्ह करू नकोस. वाट तुटली तर स्विच स्वतःच जुन्या कॉन्फिगवर परत येईल. सगळं बरोबर झालं तर रीलोड रद्द कर, मग सेव्ह कर.’ आणि बदल करण्याआधी परतीच्या कमांड कागदावर लिहायला लावल्या. ती सवय अजून सुटलेली नाही, सुटू नये.

हे फक्त नवख्यांचं होतं असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. अशा कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणीच्या साधनातच दोष होता. मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले गेले, आणि दुरुस्तीला नेहमी वापरायची वाटही बंद पडली. इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. प्रमाण कितीतरी मोठं, पण ज्या फांदीवर बसलो तीच कापली, हे दुखणं तेच.

(दृश्य: टिकीट लिहिणारी बोटं.)

अजून एक कौशल्य आहे, ज्याचा क्लास कुठेच लागत नाही. टिकीट लिहिणं. ‘चेक केलं, ओके आहे’ ही नोंद पुढच्या शिफ्टच्या काहीही उपयोगाची नाही. किती वाजता, कुठून कुठे पिंग लावला, किती गेले, किती आले, कोणता पोर्ट, चुकांचा आकडा आधी किती होता, दहा मिनिटांनी किती. पहाटे चार वाजता ते टिकीट उघडणाऱ्या माणसाला तुमची झोपमोड करावी लागू नये, इतकं स्वच्छ. मी कित्येक नव्या मुलामुलींना याच एका गोष्टीवरून पुढे गेलेलं पाहिलंय.

नोंद नीट असली की ‘नेटवर्क स्लो आहे’ या आरोपालाही उत्तर देता येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर नुसतं जाऊन यायला शंभर मिलिसेकंद लागणारच. बँडविड्थ (वाटेची रुंदी) दुप्पट केली तरी हे अंतर कमी होत नाही. हे आकड्यांनिशी मांडलं की वाद थांबतो आणि सर्व्हर जवळ आणता येईल का, याची चर्चा सुरू होते.

(दृश्य: जुन्या टेलिटाइपचं रेखाचित्र. मग फोनचा रिसीव्हर.)

२९ ऑक्टोबर १९६९. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी आणि शेकडो किलोमीटरवर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये (एसआरआय) बिल डुवॉल. अर्पानेटवरचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरचा, पहिला संदेश जायचा होता. क्लाइनला ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायचा होता. दोघांच्या कानाला फोन होता. त्याने ‘एल’ दाबलं आणि फोनवर विचारलं, आलं का? आलं. मग ‘ओ’. आलं का? आलं. मग ‘जी’ दाबलं, आणि पलीकडची सिस्टीम कोसळली.

त्यांनी दोष शोधला, दुरुस्त केला आणि सुमारे तासाभराने पूर्ण लॉगिन झालं. क्लाइनने नोंदवहीत रात्री साडेदहाच्या वेळेसमोर पेनाने एक छोटी नोंद केली: एसआरआयशी बोलणं झालं, होस्ट ते होस्ट.