चौसष्टपैकी बारा

नमस्कार श्रोतेहो. आज बास्केटबॉलबद्दल बोलायचं आहे, पण जिंकणाऱ्यांबद्दल कमी आणि हरणाऱ्यांबद्दल जास्त. कॉलेजच्या एका चांगल्या संघाचा अंतिम सामन्यात शॉटच बसेना, त्याची ही हकीकत.

तारीख ४ एप्रिल २०११. त्या आठवड्यात आपल्याकडे बास्केटबॉलचं नाव कोण काढणार होतं? दोनच दिवसांपूर्वी वानखेडेवर धोनीचा षटकार प्रेक्षकांत जाऊन पडला होता आणि मुंबई अजून त्याच धुंदीत होती. तिकडे टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. एका बाजूला इंडियानापोलिसचं बटलर विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला कनेक्टिकट. प्रेक्षक ७०,३७६. एवढ्या लोकांसमोर बटलरच्या पोरांनी ६४ शॉट मारले आणि त्यातले १२ रिंगमधून आत गेले. टक्केवारी १८.८. ही स्पर्धा १९३९ पासून चालू आहे, पण अंतिम सामन्यात इतकं वाईट शूटिंग तोवर कोणीच केलं नव्हतं. आधीचा नीचांक वॉशिंग्टन स्टेटचा होता, १९४१ सालचा, २१.५ टक्के. सत्तर वर्षांचा जुना विक्रम बटलरने मोडला, आणि तोही असा. सामना कनेक्टिकटने ५३-४१ असा जिंकला.

आता कोणी म्हणेल, लिंबूटिंबू संघ असेल, चुकून अंतिम फेरीत आला असेल. तसं अजिबात नव्हतं. आदल्या वर्षी, २०१० मध्ये, हाच संघ अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाकडून ६१-५९ असा हरला होता. बटलरच्या गॉर्डन हेवर्डने शेवटच्या क्षणी मैदानाच्या मध्यावरून फेकलेला चेंडू बोर्डावर आपटून रिंगला लागला आणि बाहेर आला. तो आत गेला असता तर बटलर विजेता. हेवर्ड मग एनबीएमध्ये गेला, तरीही बाकीच्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी गाठली. ओल्ड डोमिनियनला ६०-५८ असं हरवलं, पिट्सबर्गला ७१-७० असं, फ्लोरिडाला जादा वेळेत ७४-७१ असं. प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स अवघा ३४ वर्षांचा. समोर कनेक्टिकटचे जिम कॅलहून, वय ६८. थोडक्यात, दोन-दोन गुणांनी सामने काढायची सवय असलेला, डोकं शांत ठेवून खेळणारा हा संघ होता. म्हणून तर त्या रात्रीचा उलगडा करावासा वाटतो.

धावफलक जरा उघडून पाहू. ६४ शॉटपैकी ३३ थ्री पॉइंटर, म्हणजे मैदानावर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेले, तीन-तीन गुणांचे. त्यातले ९ गेले. वाईटच, पण जगबुडी नव्हे. कॉलेजमध्ये शंभरात चौतीस-पस्तीस थ्री गेले की बरं म्हणतात, बटलरचे सत्तावीस गेले. खरी भानगड उरलेल्या ३१ शॉटमध्ये आहे. हे कमानीच्या आतले, जवळचे, दोन-दोन गुणांचे. कॉलेजच्या संघांचे असे शॉट साधारण निम्मे जातात. बटलरचे एकतीसपैकी तीन गेले. तीन! एकतीसपैकी नुसते दहा गेले असते तरी चौदा गुण वाढून धावफलक ५५-५३ झाला असता, आणि करंडक इंडियानापोलिसला गेला असता. मी ही आकडेमोड पुष्कळ जणांना ऐकवतो, कारण त्या सामन्याचा विषय निघाला की लोक हटकून म्हणतात, ‘बटलरने थ्री फार मारले, म्हणून हरले.’ थ्रीनेच तर त्यांना जेमतेम जिवंत ठेवलं होतं. मध्यंतराला बटलर २२-१९ असा पुढे होता, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

मग रिंगखाली काय झालं? रिंगसमोर जो रंगवलेला चौकोन असतो, तिथून बटलरने अख्ख्या सामन्यात मिळवले २ गुण. कनेक्टिकटने २६. कनेक्टिकटच्या ॲलेक्स ओरियाखी आणि रॉस्को स्मिथ यांचे हात लांब, उडी वेळेवर, आणि घाई अजिबात नाही. संघाने मिळून दहा शॉट ब्लॉक केले, म्हणजे हवेतच हाताने अडवले. पण ब्लॉकचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. एखाद्याचे पहिले दोन शॉट ब्लॉक झाले की तिसऱ्या वेळी समोर कोणी नसलं तरी त्याला हात दिसतो. मग तो चेंडू नेहमीपेक्षा अर्धा क्षण आधी सोडतो, किंवा हात चुकवायला उंच उडवतो, किंवा खांदा वळवून अवघडून फेकतो. जो शॉट तो सरावात डोळे मिटून मारतो, तो रिंगच्या खालच्या कडेला लागून परत येतो. बटलरचा मॅट हॉवर्ड, ज्याने त्याच स्पर्धेत शेवटच्या क्षणी सामने काढून दिले होते, त्याचे तेरापैकी एक. अँड्र्यू स्मिथ नवापैकी दोन. शेल्विन मॅकने सर्वांत जास्त, १३ गुण केले, पण तोही पंधरापैकी चार.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. बटलरने कनेक्टिकटपेक्षा नऊ शॉट जास्त मारले. म्हणजे चेंडू हरवत नव्हता, चुकलेला शॉट परत पकडून पुन्हा मारायची संधीही मिळत होती. मेहनतीत काडीची कसर नाही. पण परत मिळालेला चेंडू त्याच गर्दीत, त्याच लांब हातांखाली उभं राहून पुन्हा वर फेकायचा, आणि पुन्हा चुकायचं. अशा वेळी बाहेर पास देऊन, डाव नव्याने मांडून, डिफेन्सला जागेवरून हलवावं लागतं. चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की राखणारे सरकतात, सरकताना फट पडते, त्या फटीतून मिळतो तो सोपा शॉट. ऑफेन्स चालत नाही असं आपण म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा हेच थांबलेलं असतं. शॉट चुकतो हे सगळ्यांना दिसतं, पास एक सेकंद उशिरा गेला हे कोणाला दिसत नाही. आणि शिव्या खातो तो शेवटी चेंडू ज्याच्या हातात होता तो.

आता मैदानाबद्दल. हा सामना झाला रिलायंट स्टेडियममध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या प्रचंड बंदिस्त मैदानात. कॉलेजच्या नेहमीच्या हॉलमध्ये बोर्डामागे लगेच भिंत असते किंवा प्रेक्षकांच्या रांगा असतात. इथे बोर्डामागे नुसती पोकळी, आणि प्रेक्षक लांब कुठेतरी. अंदाज चुकतो, अंतर फसवं वाटतं, अशी तक्रार खेळाडू नेहमी करतात. तक्रारीत तथ्य असेल, कारण त्या रात्री कनेक्टिकटचंही शूटिंग भिकार होतं. ५५ पैकी १९, थ्री तर अकरापैकी एकच. पण सगळं खापर मैदानावर फोडायला मी तयार नाही. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच इमारतीत उपांत्य सामन्यात व्हिलानोव्हाने ओक्लाहोमाविरुद्ध ७१.४ टक्के शॉट घातले आणि ९५-५१ असा धुव्वा उडवला. तीच छपराखालची पोकळी, तोच उजेड. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात क्रिस जेनकिन्सने शेवटच्या क्षणी थ्री मारून नॉर्थ कॅरोलायनाला ७७-७४ असं हरवलं, तेही तिथेच. व्हिलानोव्हाचा चेंडू हातातून हातात इतका झरझर फिरत होता की शॉट मारणाऱ्यासमोर बहुतेक वेळा कोणी नसायचंच.

एक गोष्ट मात्र शरीराची आहे, ती सांगितलीच पाहिजे. बास्केटबॉलची रिंग १८ इंच रुंद, चेंडू साडेनऊ इंचांच्या आसपास. म्हणजे दोन चेंडू जवळजवळ शेजारी-शेजारी मावतील एवढी जागा. पण ही जागा चेंडूला वरून सरळ खाली पडताना मिळते. ताट वरून पाहिलं तर गोल दिसतं आणि बाजूने तिरकं पाहिलं की चपटं, तसंच रिंगचं आहे. चेंडू ४५ अंशांनी उतरत असेल तर त्याला रिंग पावणेतेरा इंच उघडी मिळते. ३० अंशांनी उतरला तर फक्त नऊ इंच, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी, कडेला लागल्यावाचून आत जाणं अशक्य. आणि शॉटला उंची कुठून येते? मनगटातून नव्हे, पायांतून. सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या की उडी दोन-तीन इंच कमी होते, चेंडू सपाट जातो, रिंगच्या पुढच्या कडेला ठण्‌ करून लागतो. शॉट पुढच्या कडेला लागायला लागले की जाणता प्रशिक्षक मनगट बघत नाही, बदली खेळाडू उठवतो. पण बटलरकडे ती चैन कुठे होती? साडेचार हजार विद्यार्थ्यांच्या आसपासचं छोटं विद्यापीठ, मोजकेच भरवशाचे खेळाडू.

उत्तरार्ध चालू होताच चेस स्टिगलने थ्री मारला आणि बटलर २५-१९ झाला. इथे माझ्यासारखा बघणारा सरसावून बसतो, कारण वाटतं, आता हात मोकळे होणार. झालं उलटंच. कनेक्टिकटने पुढचे २२ गुण करेपर्यंत बटलरचे फक्त ३ झाले. फलक ४१-२८. कनेक्टिकटचा हुकमी मोहरा केम्बा वॉकर, त्याने १६ गुण केले, पण त्यालाही बटलरने सुखासुखी काही करू दिलं नव्हतं. कॅलहूनच्या संघाने केलं काय, तर शॉट बसत नाहीत हे मुकाट्याने मान्य केलं, लांबून मारणं सोडलं आणि चेंडू आत नेला. जेरेमी लॅम्ब पूर्वार्धात शून्यावर होता, त्याने उत्तरार्धात १२ केले. फ्री थ्रोवर, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटवर, कनेक्टिकटचे १४ गुण, बटलरचे ८. दोन्ही संघांचे हात गारठलेले, पण एकाला लांबचा शॉट न मारता गुण मिळवायचा रस्ता सापडला आणि दुसऱ्याला नाही. सामना तिथे फिरला.

नशिबाचा भाग नाकारून चालणार नाही. ३३ थ्रीपैकी ९ गेले काय नि १२ गेले काय, एका रात्रीत एवढं इकडेतिकडे होतंच. केन पोमेरॉयसारखे आकडेवारीचे अभ्यासक तर म्हणतात की समोरच्याचे थ्री किती टक्के जावेत यावर डिफेन्सचा फारसा ताबा नसतो. किती मारू द्यायचे, एवढंच त्याच्या हातात. हे मला पटतं. पण जवळच्या शॉटचं तसं नाही. एकतीसपैकी तीन हे नशीब नव्हे, ते ओरियाखी आणि मंडळींचं काम होतं.

त्या काळात एकटं बटलरच चाचपडत होतं असंही नाही. २६ जानेवारी २०१३ ला नॉर्दर्न इलिनॉय नावाच्या संघाने ईस्टर्न मिशिगनविरुद्ध पूर्वार्धात ३१ शॉटपैकी एक घातला. वीस मिनिटांत चार गुण. सामना हरले ४२-२५. त्या मोसमात देशभरातल्या पुरुष संघांची सरासरी सामन्यामागे साडेसदुसष्ट गुणांवर आली, १९५१-५२ नंतरची सगळ्यात कमी. सगळे प्रशिक्षक शॉट क्लॉकचे, म्हणजे चेंडू हातात आल्यावर शॉट मारायला मिळणारे, ३५ सेकंद पुरेपूर वापरायचे, डिफेन्समध्ये ढकलाढकली चालायची, आणि शेवटच्या चार सेकंदांत कोणीतरी ओढूनताणून शॉट मारायचा. मग २०१५-१६ च्या मोसमापासून घड्याळ ३० सेकंदांवर आणलं. माझ्या मते ते दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आणि बटलर? पुढच्या मोसमात मॅक आणि हॉवर्ड दोघेही नव्हते, आणि शूटिंगचं दुखणं उलट वाढलं. २२ विजय, १५ पराभव, राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रणही नाही. त्या वर्षभर त्यांचा एक खेळाडू नुसता बाकावर बसून होता, रॉटनी क्लार्क. आर्कान्सा विद्यापीठ सोडून आलेला, विद्यापीठ बदलण्याच्या तेव्हाच्या नियमामुळे एक वर्ष खेळायला बंदी. हा तोच पोरगा, ज्याने २००९ मध्ये आर्कान्साकडून एकाच सामन्यात १३ थ्री मारून ५१ गुण केले होते. २०१२-१३ मध्ये तो मैदानात उतरला आणि बटलरचं रूप पालटलं. क्लार्कला क्षणभर मोकळं सोडायची सोय नाही, म्हणून एक राखणारा कायम त्याला चिकटलेला. मदतीला आत धावणारा एक हात तेवढा कमी झाला आणि बाकीच्यांना रिंगखाली श्वास घ्यायला जागा मिळाली. डिसेंबरमध्ये त्यांनी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या इंडियानाला जादा वेळेत ८८-८६ असं हरवलं. जानेवारीत गॉन्झागाला ६४-६३ असं, आणि तो विजयी शॉट क्लार्कचा नव्हता. दुखापतीमुळे तो त्या सामन्यात खेळलाच नाही. रूझवेल्ट जोन्सने समोरच्याचा चुकलेला पास मध्येच पकडला, चेंडू घेऊन पळत सुटला आणि घड्याळ संपता संपता आतल्या बाजूने, चालत्या पायांनी फेकून गुण केले. रूझवेल्ट जोन्स, ज्याला थ्री मारता येत नाही हे सगळ्या देशाला ठाऊक होतं.

नमस्कार.