पाणी पडेल तिथेच मुरवूया

नमस्कार, श्रोतेहो.

जोराची सर येते आणि दहा-पंधरा मिनिटांत गल्लीत घोटाभर पाणी साचतं. मग सगळे म्हणतात, गटार मोठं करा. पण गच्ची, फरशी, डांबर असं सगळीकडून पाणी एकदम धावत आलं, तर मोठं गटारही तुंबतं आणि पूर पुढच्या वस्तीत जातो. म्हणून पाणी आपल्याच आवारात अडवायचं आणि मुरवायचं.

आधी हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर थोडं वाया जाऊनही सव्वादोन हजार लिटर पाणी पाइपातून खाली येतं. आता खडी भरलेल्या शोषखड्ड्यात पाणी फक्त दगडांमधल्या फटींत राहतं, फार तर 40 टक्के जागेत. म्हणजे एवढ्या पाण्याला दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि 1.4 मीटर खोल खड्डा लागतो. अनेकदा खडीने व्यापलेली जागा हिशेबात धरायची राहून जाते, खड्डा लहान पडतो आणि पहिल्याच पावसात वाहू लागतो.

खणण्याआधी जमीन तपासा. फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा, आणि या दुसऱ्या वेळी पट्टी लावून मोजा. कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते, त्यावर जाऊ नका. तासाला 12 मिलिमीटरही पाणी उतरत नसेल, तर तिथे शोषखड्डा नको. जागा निवडताना इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर लांब जा. पावसाळ्यातली भूजलपातळी खड्ड्याच्या तळाखाली निदान एक मीटर असावी.

शोषखड्डे निकामी होतात ते गाळामुळे. धुतलेली खडी न वापरता धुळीसकट भरली, की ती धूळ तळाशी बसते. पाण्याबरोबर आलेली बारीक माती सायीसारखी थर धरते आणि नखाएवढा थरही पाणी अडवतो. म्हणून पाइप थेट खड्ड्यात सोडू नका. आधी गाळाची टाकी बांधा: पाणी आत येतं, माती खाली बसते, वरचं निवळ पाणी जाळीतून पुढे जातं. खडीभोवती न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड गुंडाळा. आणि आवारातलं बांधकाम पूर्ण होईपर्यंत खड्डा जोडूच नका, सिमेंटचं पाणी त्याला कायमचं बंद करतं.

जमीन खोल खोदायची नसेल, तर अंगणात वीतभर खोल, सपाट तळाची खळगी करून त्यात ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडं लावा. पाणी 24 तासांत, उशिरात उशिरा 48 तासांत जिरलं पाहिजे. आठवडाभर साचलं तर डास होतात. रोपं लावताना ती माती पायांनी तुडवू नका.

शोषखड्डा आणि खळगी, दोन्हींना वरच्या बाजूला जादा पाण्याची वाट हवीच, उतार घरापासून दूर. सांडपाणी मात्र यात चुकूनही सोडू नका. गाळाची टाकी पावसाळ्याआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच उपसा.