पांढऱ्या कापसातला शिकारी

मित्रहो, जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की आपण आधी फवारणीचा पंप शोधतो. आज ज्या किड्याविषयी बोलायचे आहे, तो बहुधा याच घाईत मारला जातो.

क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझायरी हा ढालकिड्यांच्या कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा भुंगा. कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीचा बंदोबस्त करावा म्हणून 1898 मध्ये तो भारतात आणला गेला. त्या कामात त्याने फारसा पराक्रम गाजवला नाही. पण पिठ्या ढेकणांवर, म्हणजे पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या, रस शोषणाऱ्या किडीवर, तो इथे तगला, आणि आज द्राक्ष बागायतदार त्याला ओळखतात ते त्यासाठीच.

प्रौढ भुंगा जेमतेम चार मिलिमीटरचा, काळ्या पाठीचा, डोके आणि पंखांची टोके नारिंगी. त्याला ओळखणे सोपे आहे. घोटाळा होतो तो त्याच्या अळीपाशी, कारण तिच्या अंगावर मेणाचे पांढरे तंतू असतात आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. भिंग घेऊन पाहा: ढेकूण तीनेक मिलिमीटरचा आणि सुस्त असतो, अळी पूर्ण वाढली की तेरा मिलिमीटरपर्यंत जाते, तिचे तंतू लांब आणि विस्कटलेले असतात आणि काडीने डिवचल्यास ती लगबगीने सरकते.

मादी आपली अंडी ढेकणांच्या कापसासारख्या अंडपुंजक्यांत घालते, त्यामुळे अंड्यातून बाहेर पडताच पिल्लांसमोर ताट वाढलेलेच असते. पिठ्या ढेकूण मेणाच्या आवरणाखाली आणि द्राक्षवेलीच्या सुटलेल्या सालीत दडून बसतो, तिथे फवारा नीट पोहोचत नाही. ही अळी मात्र फटी धुंडाळत जाते.

आता मुंगळ्यांकडे वळू, कारण माझ्या मते निम्मे अपयश त्यांच्यामुळे येते. ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंगळे त्याची राखण करतात आणि भुंग्यांना हुसकावून लावतात. मेणाच्या वेशातल्या अळीला ते बऱ्याचदा त्रास देत नाहीत, पण भुंगाच टिकला नाही तर अळी येणार कुठून? म्हणून आधी खोडावर चिकट पट्टी बांधावी आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात.

या भुंग्याकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. त्याला भरपूर भक्ष्य लागते. ढेकूण विरळ झाले की तो उडून जातो आणि उरलेले ढेकूण पुन्हा वाढतात. 2008 पासून दक्षिणेत पसरलेल्या पपईवरच्या पिठ्या ढेकणाला आवर घातला तो प्वेर्तो रिकोहून 2010 मध्ये आणलेल्या इवल्याशा परजीवी गांधीलमाशीने, या भुंग्याने नव्हे.

प्रयोगशाळेत या भुंग्यांची पैदास लाल भोपळ्यावर होते: आधी भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवायचे आणि मग त्यावर भुंगे सोडायचे. असे विकत आणलेले भुंगे संध्याकाळी, ऊन उतरल्यावर सोडावेत. झाडावर नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झाली असेल तर मात्र मुळीच सोडू नयेत.