हत्यार आधी कुणाचं?

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे 'हत्यार आधी कुणी बनवलं हे सिद्ध कसं करायचं'. वेळ पंचवीस मिनिटं. त्यातली दहा शाल-नारळात गेली, तेव्हा तक्रार नाही.

आधी माझं गाऱ्हाणं. उसाची अख्खी कांडी न पुरता नुसता डोळा काढून रोपं करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. कोयत्यानं काढायला गेलं की डोळा चिरतो. म्हणून मी जीपच्या जुन्या पाट्यातून अर्धगोल पातं करून घेतलं, वर दांडा, खाली स्प्रिंग. आमच्या लोहार तात्यांनी धार बाहेरच्या अंगानं लावली. आतून लावली की डोळाच चेपतो. बाहेरून लावली की दाब कांडीवर जातो. मग पात्याला पाणी दिलं, म्हणजे लालभडक तापवून बुडवलं, तेही तेलात. आपल्याकडं पाणी कुठलं?

तीन वर्षांनी कळलं, अशाच पात्यावर दुसऱ्याच कुणाचं पेटंट आहे. गेलो वकिलाकडं. म्हणलं, सगळ्या गावाला माहीत आहे. ते म्हणाले, गावाला विचारून या, कुठल्या साली. एक जण म्हणाला, किल्लारीच्या भूकंपाच्या साली. दुसरा म्हणाला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली. म्हणजे 1993 आणि 2016! दोघंही शपथ घ्यायला तयार.

शेवटी तात्यांची उधारीची वही सापडली. तारखेसकट नोंद: 'डोळ्याचं हत्यार, बाकी 40 रुपये.' मी बाकी फेडली नव्हती म्हणून ते पान खोडलेलं नव्हतं. वकील खूश झाले, आणि लगेच म्हणाले, यात धार कुठल्या अंगानं ते लिहिलेलं नाही. पेटंट तर त्या धारेवरच होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

अमेरिकेत कापणी यंत्रावर हाच घोळ झाला. ओबेड हसीचं पेटंट डिसेंबर 1833 चं, सायरस मॅकॉर्मिकचं जून 1834 चं. पण मॅकॉर्मिकचं म्हणणं, मी 1831 मध्येच शेतात चालवून दाखवलं. पुढं साक्षीला कोण? घरचे नि शेजारी. 1848 मध्ये त्याच्या पेटंटला मुदतवाढ मिळाली नाही. तिकडं 16 मार्च 2013 पर्यंत 'आधी शोध कुणाचा' याला मान होता, तरी शोधकाच्या एकट्याच्या शब्दावर भागत नसे.

आपल्याकडं 1970 च्या कायद्यात अर्जाची तारीख मोठी. मात्र त्या तारखेआधी तीच गोष्ट भारतात उघड वापरात होती हे दाखवता आलं, तर समोरच्याचं पेटंट रद्द होऊ शकतं. पेटंट मिळण्याआधी हरकत कुणालाही घेता येते. मिळाल्यावर ज्याचं हित गुंतलंय त्याला, वर्षाच्या आत. पण आपण आधी केलं म्हणून ते पेटंट आपल्या नावावर होत नाही. आणि आपणच बाजारात उघड वापरलं असेल तर आपलाही रस्ता बहुतेक बंद. म्हणून आधी चित्र काढा, धार कुठं ते दाखवा, तारीख टाका, बाहेरच्या माणसाची सही घ्या, अर्ज करा. बाजार नंतर.

नवं पातं या पिशवीत आहे. दाखवणार नाही, अर्ज अजून केलेला नाही.